बारा देशांचा आशिया

६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी एफसी आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल यांची गाठ पडली. तिकिटं काढलेल्यांपैकी बहुतेकांना ज्याला पाहायचं होतं तो नेमार मैदानात नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा गेला होता. आधीच्याच महिन्यात रियाधला याच अल हिलालने मुंबईला सहा गोल मारले होते, त्यामुळे नवी मुंबईत काय होणार याबद्दल कोणाच्या मनात फारशी शंका नव्हती. तरी पहिला अर्धा गोलशून्य गेला. उत्तरार्धात मेहताब सिंगला लाल कार्ड मिळालं, मुंबईचे दहाच खेळाडू उरले आणि मग आधी मायकेल, नंतर मित्रोविच असे दोन गोल बसले. त्या हंगामात मुंबईने गटातले सहाही सामने गमावले. हंगाम संपल्यावर आशियाई फुटबॉल महासंघाने आपल्या क्लब स्पर्धांची सगळी मांडणीच बदलली. पुढच्या दोन्ही हंगामांत आशियातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत एकही भारतीय क्लब नव्हता. मुंबई सिटी हरली म्हणून हे झालं, असा एक सोपा समज आपल्याकडे आहे. तो अर्धाच खरा आहे. मुंबई सगळे सामने जिंकली असती तरी भारताला मिळणारी थेट जागा नव्या रचनेत टिकली असती असं नाही, कारण ती रचना ठरली तेव्हा मुंबईचे हे सामने व्हायचेच होते.

बदल काय झाला ते आधी नीट पाहू. २०२३-२४ पर्यंत एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये ४० संघ गटसाखळी खेळत. २०२४-२५ पासून तिच्या जागी चॅम्पियन्स लीग एलिट आली : पश्चिम आशियाचे १२ संघ, पूर्व आशियाचे १२. प्रत्येकाने आपल्याच विभागातल्या आठ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी एकेक सामना खेळायचा, वरच्या आठांनी बाद फेरीत जायचं आणि उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचा सगळा खेळ एकाच शहरात उरकायचा. तिच्याखाली ३२ संघांची चॅम्पियन्स लीग टू आणि त्याखाली चॅलेंज लीग. क्लब स्पर्धांतली परदेशी खेळाडूंची मर्यादाही उठवली. बक्षिसाची रक्कम तर डोळे दिपवणारी : आधी विजेत्याला ४० लाख डॉलर मिळत, आता एक कोटीहून अधिक. महासंघाचं म्हणणं असं, की चांगल्या क्लबांनी चांगल्या क्लबांशी जास्त वेळा खेळावं, एकतर्फी सामने कमी व्हावेत, प्रक्षेपणाचे हक्क चढ्या भावाने विकले जावेत आणि युरोपशी तुलना होईल अशी एक स्पर्धा आशियात उभी राहावी. यातलं एकही उद्दिष्ट वाईट नाही. सौदीच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने जून २०२३ मध्ये चार क्लबांची प्रत्येकी ७५ टक्के मालकी घेतल्यावर आशियातला पैसा कुठे गोळा होतोय हे उघड होतं. त्या पैशाला साजेसा मंच हवा होता आणि महासंघाने तो बांधून दिला.

मात्र जागांचा हिशेब मांडला की चित्र वेगळं दिसतं. २०२३-२४ च्या गटसाखळीतले ४० संघ २० देशांतले होते. भारताचा मुंबई सिटी होता, तसा ताजिकिस्तानचा इस्तिकलोल होता, तुर्कमेनिस्तानचा अहाल, जॉर्डनचा अल फैसली, व्हिएतनामचा हनोई, फिलिपिन्सचा काया, हाँगकाँगचा किटची आणि सिंगापूरचा लायन सिटी सेलर्स. २०२४-२५ च्या एलिटमध्ये देश उरले १२. पश्चिमेकडून सौदी आणि कतारचे प्रत्येकी तीन संघ, अमिराती आणि इराणचे दोन-दोन, उझबेकिस्तान आणि इराकचा एकेक. पूर्वेकडून जपान, कोरिया आणि चीनचे प्रत्येकी तीन, थायलंड, मलेशिया आणि ऑस्ट्रेलियाचा एकेक. आशियाई महासंघाचे सदस्य ४७ आहेत. म्हणजे ३५ देशांचे विजेते त्या वर्षी आपापल्या लीगमध्ये कितीही चांगले खेळले असते तरी त्याच्या जोरावर वरच्या मंचावर पोचले नसते. संघांची संख्या पुढेमागे बत्तीस करा किंवा पुन्हा चाळीस करा, वाढीव जागा त्याच बारा देशांच्या तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला वाटल्या तर त्या पस्तिसांच्या हाती काही लागत नाही.

माझा आक्षेप एवढाच आहे. स्पर्धांचे स्तर पाडायला माझा विरोध नाही. दुबळ्या संघांनी आधी आपल्या तोडीच्या संघांशी खेळावं हे बरोबरच आहे. पण खंडाचं अजिंक्यपद म्हणवणाऱ्या स्पर्धेत प्रत्येक देशाच्या विजेत्याला, वाट कितीही अरुंद असो, त्याच हंगामात सामने जिंकत वर जाता आलं पाहिजे. ही वाट मैदानावर असावी, कार्यालयातल्या क्रमवारीच्या तक्त्यात नव्हे. नव्या रचनेत ती तक्त्यात आहे. देशाच्या सगळ्या क्लबांनी मागच्या अनेक वर्षांत मिळवलेल्या गुणांवर देशाचा क्रम ठरतो आणि त्या क्रमावरून जागा. म्हणजे मोहन बागान चार वर्षांपूर्वी उझबेकिस्तानात हरलं तर त्याची किंमत यंदाच्या विजेत्याने मोजायची.

वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या देवळीत ही गोष्ट समजावून सांगायला फुटबॉलचा आधार घ्यावा लागत नाही. हे कुस्तीचं गाव. माजी खासदार आणि राज्य कुस्तीगीर परिषदेच्या अध्यक्षपदावर आलेले विदर्भ केसरी रामदास तडस इथलेच आणि जानेवारी २०२५ मध्ये महिला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली तीही इथेच. अहिल्यानगरची भाग्यश्री फंड तिथे जिंकली. महाराष्ट्र केसरीला प्रत्येक जिल्हा आपली निवड चाचणी घेतो, आपले पैलवान पाठवतो. गादी आणि माती असे दोन विभाग, दोन्हींचे विजेते शेवटी गदेसाठी लढतात. गदा बहुतेक वेळा पश्चिम महाराष्ट्राकडेच जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून वर्ध्याचा, भंडाऱ्याचा किंवा गडचिरोलीचा पैलवान पहिल्याच फेरीत चीतपट झाला की पुढच्या वर्षी त्या जिल्ह्याची जागा कापून कोल्हापूरला चौथा आणि पुण्याला पाचवा पैलवान द्या, असं कोणी म्हणत नाही. विदर्भ केसरी ही वेगळी स्पर्धा आहे, ती आपल्या तोडीच्या लोकांत होते आणि तिचा मान मोठा आहे. पण ती खेळणाऱ्याचा महाराष्ट्र केसरीला जाण्याचा हक्क हिरावत नाही. स्तर असावेत ते असे. आता याच कुस्तीत संघटनेचे दोन गट झाले की काय होतं तेही आपण पाहिलं. २०२५ मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके. एका जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन गदा. दोघेही मेहनतीचे पैलवान, पण ‘यंदाचा केसरी कोण’ या प्रश्नाला गावात एक उत्तर मिळेनासं झालं. फुटबॉलमध्येही श्रीमंत क्लब वेगळी चूल मांडण्याची धमकी देतात आणि महासंघ घाबरून त्यांच्या मनासारखं करतात, त्यामागे ही भीती असते. तिच्याकडे पुढे येतोच.

माझ्या म्हणण्यावरचा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप दर्जाचा. ०-६ चा सामना कोणी पाहावा? सिटी फुटबॉल ग्रुपसारखा मालक, म्हणजे मँचेस्टर सिटीचेच धनी, तेव्हा पाठीशी असूनही मुंबई सिटी सहाच्या सहा सामने हरते, तर अशा संघाला वर खेळवून कोणाचं भलं होतं? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर एका हंगामावरून देता येत नाही. चाळीस संघांची स्पर्धा सुरू झाली २०२१ मध्ये आणि त्याच वर्षी एफसी गोवा गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. कोरोनाच्या दिवसांत फातोर्ड्याच्या मोकळ्या मैदानावर त्यांनी लॉराँ ब्लाँ यांच्या अल रय्यानला दोनदा आणि अमिरातीच्या अल वाहदाला एकदा बरोबरीत रोखलं. गोलरक्षक धीरज सिंगची त्या सामन्यांतली झेप आजही लोक काढून पाहतात. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने गोल केला आणि काही मिनिटं का होईना गोवा पुढे होतं. पुढच्या वर्षी मुंबई सिटी रियाधला गेली. ११ एप्रिल २०२२ ला तिने इराकच्या अल कुवा अल जाविया, म्हणजे हवाई दलाच्या क्लबाला, २-१ असं हरवलं. पेनल्टीवर दिएगो मॉरिसिओ आणि कॉर्नरवरून राहुल भेके. या स्पर्धेतला भारतीय क्लबाचा तो पहिला विजय. याच हवाई दल क्लबाने २०१६ मध्ये बंगळुरू एफसीला एएफसी कपच्या अंतिम सामन्यात हरवलं होतं आणि तो कप लागोपाठ तीनदा जिंकला होता. मुंबईने त्यांना परतीच्या सामन्यातही हरवलं आणि सात गुणांसह गटात दुसरा क्रमांक मिळवला. म्हणजे तीन हंगामांत तीन बरोबऱ्या, मग दोन विजय आणि गटात दुसरं स्थान, मग साफ अपयश. या तीन नोंदींपैकी शेवटचीच खरी आणि आधीच्या दोन योगायोग, असं मानायला कसलाच आधार नाही.

शिवाय कोण दुबळं हे आधीच ठरवून टाकणाऱ्यांचे अंदाज मैदानावर सारखे चुकतात. २०२३-२४ मध्येच जपानचा व्हेंटफोरेट कोफू दुसऱ्या श्रेणीत खेळत असताना, केवळ एम्परर्स कप जिंकला म्हणून, आशियाच्या स्पर्धेत आला. मेलबर्न सिटी, चीनचा झेजियांग आणि थायलंडचा बुरीराम यांना मागे टाकून तो गटात पहिला आला. २०२५ च्या क्लब विश्वचषकात न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीला बायर्न म्युनिकने दहा आणि बेनफिकाने सहा गोल मारले. हा संघ नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्यांचा. सगळ्या जगाने त्यांची टर उडवली. तिसऱ्या सामन्यात त्यांनी अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला १-१ असं रोखलं. बोका हात हलवत घरी गेले. एका ०-१० वरून स्पर्धेचं प्रवेशपत्रक ठरवणाऱ्यांना हा १-१ कुठल्या रकान्यात भरणार ते विचारावं.

इथे युरोपचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. तिथेही पैसेवाल्यांचंच चालतं, मग आशियाला का दोष, असं. युरोपने दोन गोष्टी केल्या आहेत आणि दोन्ही एकदम पाहायला हव्यात. एप्रिल २०२१ मध्ये बारा बड्या क्लबांनी सुपर लीग जाहीर केली. कायमच्या सदस्यांना कधीही बाहेर जावं लागणार नाही, अशी. प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. त्यानंतर युएफाने चॅम्पियन्स लीग ३६ संघांची केली, प्रत्येकाला आठ सामने दिले. आशियाच्या एलिटची मांडणी उघडच या साच्यावरून उचललेली आहे. पण साचा उचलताना त्याचा एक भाग मागे राहिला. युरोपच्या पात्रता फेऱ्यांत २००९-१० पासून विजेत्यांसाठी स्वतंत्र मार्ग आहे. लहान देशांचे विजेते त्या मार्गावर आपापसांत लढतात, मोठ्या देशांचा तिसरा-चौथा संघ तिथे येऊन त्यांना आडवं पाडू शकत नाही आणि ३६ पैकी पाच जागा या मार्गावरून आलेल्यांना मिळतात. त्या पाच जागांनी काय होतं हे २०२५ च्या उन्हाळ्यात दिसलं. कझाकस्तानचा विजेता कैरात अल्माटी पहिल्या पात्रता फेरीपासून निघाला. स्लोव्हेनिया, फिनलंड, स्लोव्हाकिया असे देश ओलांडत त्याने शेवटच्या फेरीत ग्लासगोच्या सेल्टिकला पेनल्टी शूटआउटवर हरवलं. ३० सप्टेंबरला रेआल माद्रिदचा संघ कित्येक तासांचा विमानप्रवास करून अल्माटीत उतरला आणि ५-० जिंकून गेला. कैरात हरला, तेही दणकून. पण मुख्य फेरीत खेळण्याचा हक्क त्याने चार फेऱ्या जिंकून मिळवला होता. आता यातली मेख अशी, की कझाकस्तान २००२ पर्यंत आशियाई महासंघातच होता. अल्माटीहून माद्रिदपेक्षा दिल्ली कितीतरी जवळ. तो देश आशियातच राहिला असता तर त्याच्या विजेत्याला अल हिलालशी खेळण्यासाठी आधी देशाचं मानांकन सुधारायची वाट पाहावी लागली असती.

आफ्रिकेनेही एक प्रयोग करून पाहिला. २०२२ मध्ये टांझानियातल्या अरुशाला २४ क्लबांची आणि दहा कोटी डॉलर बक्षिसांची सुपर लीग जाहीर झाली. २०२३ मध्ये प्रत्यक्षात खेळली गेली ती आठ क्लबांची, दक्षिण आफ्रिकेच्या मामेलोडी सनडाउन्सने जिंकलेली. आफ्रिकेतल्या लोकांच्या मनात घर करून आहे ती मात्र त्यांची जुनी चॅम्पियन्स लीग, जिच्या प्राथमिक फेरीत सगळ्या देशांच्या विजेत्यांना पाऊल टाकता येतं.

दुसरा आक्षेप जास्त नेमका आहे आणि तो मला थोडा मान्यही आहे. शिडी आहे की, असं महासंघ म्हणू शकतो. चॅलेंज लीग जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग टूमध्ये जागा मिळते, टू जिंकणाऱ्याला एलिटच्या पात्रता फेरीत. २०२४-२५ मध्ये तुर्कमेनिस्तानच्या अर्कादागने चॅलेंज लीग जिंकली आणि पुढच्या हंगामात तो खरोखरच वरच्या पायरीवर खेळला. शारजाने टू जिंकली आणि त्यालाही एलिटचं दार किलकिलं झालं. त्याच चॅलेंज लीगमध्ये ईस्ट बंगालने थिम्फूला भूतानच्या पारोशी बरोबरी करून पुढे बांगलादेशच्या बसुंधरा किंग्जला ४-० आणि लेबनॉनच्या नेजमेहला ३-२ असं हरवलं, आणि उपांत्यपूर्व फेरीत अर्कादागशी झुंज दिली. असे सामने भारतीय क्लबांना हवेतच. रियाधच्या ०-६ पेक्षा थिम्फूचा ३-२ त्यांना जास्त शिकवून जातो, हे मी नाकारत नाही. पण शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर पाहा. तिसऱ्या स्पर्धेतल्या क्लबाला पहिल्या स्पर्धेत यायचं तर एक अख्खी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकायची, मग पुढच्या वर्षी दुसरी जिंकायची, मग तिसऱ्या वर्षी पात्रता फेरी. तोवर संघ विकला गेलेला असतो, प्रशिक्षक बदललेला असतो. आणि पैसा? एलिटमध्ये नुसतं सहभागी होण्याचे आठ लाख डॉलर, टूमध्ये तीन लाख. विजेतेपदाच्या रकमेतली तफावत तर कित्येक पटींची. वरचा संघ दर वर्षी या पैशातून आणखी चांगले परदेशी खेळाडू घेतो, आता त्यांच्या संख्येवर बंधनही नाही. खालचा संघ विमानाची तिकिटं आणि हॉटेलची बिलं भागवतो. परिणाम २०२५ च्या वसंतातच दिसला : जेद्दाला झालेल्या अंतिम टप्प्यात उपांत्य फेरीतल्या चार संघांपैकी तीन सौदीचे होते. चौथा कावासाकी फ्रोंताले. त्याने उपांत्य फेरीत रोनाल्डोच्या अल नस्रला हरवलं, हे त्याचं मोठेपण. अंतिम सामन्यात अल अहलीने जेद्दातच, आपल्याच शहरात, आपल्याच प्रेक्षकांसमोर, त्याला २-० ने नमवलं. अंतिम टप्पा एका जागी घ्यायचा तर ती जागा दर वर्षी फिरती ठेवता आली असती. पुढच्या वर्षीही यजमानपद सौदीकडेच गेलं.

तारे विकत घेता येतात, पण ते गरीब बाजूला पाठवता येत नाहीत. नेमारची दुखापत खरी होती, त्याबद्दल कोणाला बोल लावता येत नाही. पण २२ ऑक्टोबर २०२५ ला अल नस्र फातोर्ड्याला एफसी गोव्याविरुद्ध खेळायला आला तेव्हा रोनाल्डो विमानातच बसला नव्हता. गोव्याचा ब्रायसन फर्नांडिस त्या दिवशी गोल करून गेला, गोवा १-२ असं हरलं आणि रोनाल्डोसाठी आलेले लोक ब्रायसनचं नाव घेत बाहेर पडले. हे झालं चॅम्पियन्स लीग टूमध्ये. अल नस्रसारखा संघ दुसऱ्या स्तरावर कसा, तर सौदीच्या लीगमध्ये आधीच्या हंगामात तो पुरेसा वर नव्हता म्हणून. स्तर पाडूनही अंतर मिटत नाही, ते खाली सरकतं.

तिसरा आक्षेप आपल्यावरच आहे आणि तो सर्वांत बोचरा. तुम्ही आधी आपलं घर सावरा. मोहन बागान सुरक्षेचं कारण देऊन २०२४ मध्ये इराणला गेलं नाही, २०२५ मध्येही गेलं नाही आणि दोन्ही वेळा त्याने स्पर्धेतून माघार घेतली असं आशियाई महासंघाने धरलं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि रिलायन्सच्या कंपनीतला २०१० चा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत आला तेव्हा पुढे काय याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, इंडियन सुपर लीग वेळेवर सुरूच झाली नाही आणि शेवटी फेब्रुवारी २०२६ मध्ये चौदा संघांची एकेरी फेरीची लीग घाईने भरवावी लागली. क्लबाने हंगामात किमान २४ सामने खेळावेत अशी आशियाई महासंघाची अट असताना. असा देश कोणत्या तोंडाने वरची जागा मागतो? त्याहून अवघड प्रश्न असा, की आशियाने आपल्यासाठी दार बंद केलं ही तक्रार ज्या देशाने स्वतःच्या घरात दारं बंद केली त्याला शोभते का?

याचं उत्तर गोव्यात आहे. धेंपो स्पोर्ट्स क्लब पाच वेळा भारताचा विजेता. २००८ मध्ये तो एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला होता, एका भारतीय क्लबाने आशियात तोवर गाठलेला तो मोठाच टप्पा. २०१६ मध्ये भारतीय महासंघाने आराखडा आणला : इंडियन सुपर लीग ही देशातली पहिली स्पर्धा, आय-लीग दुसरी आणि खालून वर जायची वाट नाही. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं. पाच वेळा अजिंक्य ठरलेल्या क्लबाला पैसे भरून परवाना घेतलेल्यांच्या खाली कायमचं बसा म्हटल्यावर त्याने दुसरं काय करायचं? धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये दिसायला २०२४ उजाडलं. मधल्या काळात, २०१९ मध्ये, आशियाई महासंघानेच भारतासाठी टप्पे आखून दिले, २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला बढती मिळू लागली, पंजाब एफसी आणि मोहम्मडन स्पोर्टिंग तशी वर आली. घसरण मात्र कित्येक वर्षं कागदावरच राहिली. म्हणजे वरच्याला पडायची भीती नव्हती. कोल्हापुरात तर गोष्ट आणखी वेगळी. तिथले फुटबॉल संघ तालमींच्या पोटातून आलेले : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी होते ती सुपर लीगच्या कित्येक सामन्यांना होत नाही. विदर्भात कामठीच्या रब्बानी क्लबचं असंच नाव. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे सुपर लीगमध्ये गेला. पोरगा वर जाऊ शकतो, तालीम जाऊ शकत नाही. पाटाकडीलने सलग दहा वर्षं सगळ्यांना लोळवलं तरी मुंबई सिटीशी खेळण्यापर्यंत नेणारी सलग, मैदानावरची वाट तिच्यापुढे नाही.

ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावरून आशियाच्या रचनेतला दोष धुतला जात नाही, कारण दोष एकच आहे आणि तो दोन्हीकडे आहे. उलट, वरचं दार बंद झाल्याने खालचं उघडण्याची निकड कमी होते. २०१९ मध्ये आशियाई महासंघाने भारतीय फुटबॉलमध्ये जी थोडी शिस्त आणली ती कशाच्या बळावर? चॅम्पियन्स लीगच्या जागेच्या. लीग शिल्ड जिंकणाऱ्याला थेट गटसाखळी हे आमिष होतं, म्हणून साखळीत पहिलं येण्याला अर्थ आला. २०२३ मध्ये मुंबई सिटी आणि जमशेदपूर हे लागोपाठच्या दोन हंगामांचे शिल्डविजेते एका जागेसाठी केरळात एकमेकांशी भिडले, मुंबई ३-१ जिंकली. ते आमिषच काढून घेतल्यावर आशियाई महासंघाच्या हाती समजावायला काय उरतं?

तर करायचं काय? एलिटमध्ये पश्चिमेला दोन आणि पूर्वेला दोन अशा चार जागा विजेत्यांच्या मार्गासाठी राखाव्यात, स्पर्धा चोवीसची असो की बत्तीसची. पहिल्या सहा देशांबाहेरच्या सगळ्या विजेत्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये बाद फेऱ्या खेळाव्यात, एकेक सामना, वरच्या क्रमांकाच्या घरी. हरणाऱ्याने चॅम्पियन्स लीग टूमध्ये उतरावं, त्याहून आधी हरणाऱ्याने चॅलेंज लीगमध्ये, म्हणजे कोणाचा हंगाम वाया जात नाही आणि तोडीच्या सामन्यांचा जो फायदा आज मिळतो तोही टिकतो. त्या चार जागा सौदी, कतार, चीन यांसारख्या देशांच्या तिसऱ्या संघांच्या वाट्यातून जातील आणि त्यावर ओरड होईल. होऊ द्यावी. सौदीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या क्लबाला वेगळी चूल मांडायची असेल तर ती कोणाबरोबर मांडणार? सुपर लीगच्या धमकीला युरोप पुरून उरला तो प्रेक्षकांमुळे आणि आशियात तर जपान-कोरियाचे क्लब सौदीच्या खाजगी लीगसाठी आपल्या घरच्या लीगा सोडतील अशी सुतराम शक्यता नाही. प्रक्षेपण हक्कांचं नुकसान होईल, हा हिशेबही मला पटत नाही. दोन सामने ०-५ झाले म्हणून बाजार पडत नाही, आणि १४० कोटींच्या देशातला एक क्लब आत आला तर बाजार किती वाढतो हे हक्क विकणाऱ्यांनी सांगावं.

वेळापत्रकाची अडचण सांगितली जाते : भारतात पावसाळा, लीग बंद, खेळाडू सुट्टीवर. १३ ऑगस्ट २०२५ ला, ऐन पावसाळ्यात, एफसी गोव्याने फातोर्ड्याला ओमानच्या अल सीबला पात्रता सामन्यात २-१ असं हरवलं, देशात लीग होणार की नाही हेही ठाऊक नसताना. त्या विजयाने गोव्याला चॅम्पियन्स लीग टूचा गट मिळाला आणि तिथे वाट संपली. विजेत्यांचा मार्ग असता तर भारताच्या लीग विजेत्याचा असाच एक ऑगस्टमधला सामना एलिटपासून दोन विजयांवर असता.